बायजाकाकूंच्या घरचा बाण

दामूअण्णा मास्तरांना कुणी साधं "चहा घेणार का?" असं विचारलं तरी त्यांचं बोट वर जायचं. "आधी प्रांत सांगा!" म्हणजे हा चहा कुणाकुणासाठी, ते आधी ठरवा.

बारामतीच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी इतिहास. फलन समजावायला त्यांच्या फळ्यावर कायम दोन वर्तुळं असायची. डावीकडच्या वर्तुळातल्या प्रत्येकापासून उजवीकडे एक बाण निघायचा, एकच. डावीकडचे सगळे म्हणजे प्रांत, आणि उजवीकडे ज्यांच्यावर बाण पडले तेवढेच व्याप्तीत. "आणि ज्याच्यावर पडला नाही तो?" असं पोरांनी विचारलं की म्हणायचे, "तो बसेल तिथंच. त्यानं नियम मोडत नाही."

माणूस एकटा. स्टोव्हवर पिठलं-भात करायचे, कुणाच्या पंगतीला बसायचे नाहीत. "मी कुणाच्याच प्रांतात नाही," हे त्यांचं कारण ऐकून आम्ही हसायचो.

माझ्या बहिणीचं लग्न इंदापूरला आमच्या घरी ठरलं, तेव्हा वऱ्हाड उतरवून घ्यायचं काम आबांनी, माझ्या वडिलांनी, मास्तरांवर सोपवलं. मास्तरांनी भिंतीवर खडूनं वर्तुळं काढली. डावीकडे पाहुणे, उजवीकडे भावकीची घरं. प्रत्येक पाहुण्याला एक घर मिळालं, उघड्यावर कुणी राहिलं नाही. वऱ्हाड आलं, आपापल्या जागी उतरलं. मास्तर खुशीत होते.

गल्लीच्या टोकाला माझी विधवा चुलती राहायची, बायजाकाकू. तिच्या घरावर एकही बाण पडला नव्हता. तिनं पहाटे उठून घर सारवलेलं, पुरण शिजवलेलं. दुपारपर्यंत ती उंबऱ्यात बसून राहिली. मग उठली आणि विहिरीवरचा दोर नि पोहरा काढून घरात घेऊन गेली. विहीर तिची होती, आणि गल्ली पाणी तिथलंच प्यायची.

"माज्या दारात एक पाव्हणा न्हाय? मग माजं पानी बी न्हाय!"

आबा मास्तरांकडे धावले. रांजण तळाला गेलेला, आणि नवऱ्याची आई आंघोळीचं पाणी मागत होती. मुलाकडच्यांना हे कळतं तर अक्षता पडायच्या आधीच वऱ्हाड उठलं असतं.

"मास्तर, कुणाला तरी उचला नि तितं धाडा!"

"उतरलेला माणूस हलवला तर तो रुसेल, आबा." तेही खोटं नव्हतं.

मास्तर भिंतीसमोर घाम पुसत उभे. "नियम तर बरोबर आहे हो," ते पुटपुटले.

"मग नियमाकडेच पाणी मागा!" मी खेकसलो.

त्यांनी खडू घेऊन डाव्या वर्तुळात बारीक अक्षरात 'दामू' असं लिहिलं, शेवटच्या घरापर्यंत बाण ओढला आणि आपली पिशवी उचलली. मी मागोमाग गेलो.

"बाई, पाहुणा आलाय."

काकूनं वर बघितलं. "तुमी? तुमी तर आमच्याच बाजूचं."

"मी कुणाच्याच बाजूचा नाही हो." मास्तरांनी पिशवी उंबऱ्यावर टेकवली.

काकू आत गेली, दोर-पोहरा घेऊन आली. मग तिनं दोर माझ्या अंगावर टाकला. "जा, भर पानी. मास्तर, पाय धुवा. पान वाढते."

अक्षता वेळेवर पडल्या.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मास्तर एसटीकडे निघालेले दिसले. हातात भाजीची पिशवी.

"कुठं?"

"इंदापूर."

"कुणाकडं?"

बोट वर जाईल म्हणून मी थांबलो. ते गेलं नाही.

"त्या घराला दुसरा बाण नाही हो," मास्तर म्हणाले आणि गाडीत चढले.