दगडामागचा सेल

जी वस्तू कधीतरी बंद पडणार हे नक्की आहे, ती हात पोचणार न्हाई अशा जागी बसवावी. म्हणजे ती बंद पडलेली लवकर कळत न्हाई, आणि कळली तरी कोणावर जबाबदारी येत न्हाई. कारभाराचं सगळं शास्त्र एवढंच आहे. अंबडहून वडीगोद्रीकडं जाताना आमचं गाव लागतं (नाव सांगत न्हाई, मला तिथंच राहायचं आहे). आमच्या ग्रामपंचायतीनं हे शास्त्र मनापासून पाळलेलं आहे.

पंचायतीचा पहिला काम्पुटर चोरीला गेल्ता. दुसरा आला तेव्हा पंचायत हुशार झाली होती. काम्पुटरचा डबा भिंतीत कोनाडा करून आत ठेवला. समोरून लोखंडी जाळी ठोकली. जाळीवर उद्घाटनाचा संगमरवरी दगड सिमेंटानं पक्का केला. दगडावर सात मान्यवरांची नावं. वायरी खालून बाहेर काढल्या, पडदा टेबलावर ठेवला, आणि चालू करायच्या बटणासाठी दगडात ‘शुभहस्ते’ या शब्दाच्या बराबर खाली एक भोक पाडलं. त्यात छत्रीची काडी घालायची अन् दाबायचं. तेव्हापासून आजपर्यंत एकबी चोरी झाली न्हाई. एकबी दुरुस्तीबी झाली न्हाई.

आता काम्पुटरच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. लाईट गेली तरी तारीख याद ठेवायची, एवढंच त्याचं काम. आमचा सेल खल्लास झाला. तेव्हापासून लाईट गेली की काम्पुटर एक जानेवारी दोन हजार अकरावर जाऊन बसतो. ऑपरेटर प्रियदर्शनी मॅडम तारीख बसवतात, तोवर लाईट परत जाते. (इन्व्हर्टर आहे. तो खराब होऊ नये म्हणून सरपंचाच्या घरी ठेवलेला आहे.) एका पाहणीनुसार (पाहणी माझी आहे) तेव्हापासूनच्या झाडून सगळ्या दाखल्यांवर हीच तारीख आहे. त्या एका दिवशी आमच्या पंचायतीनं जेवढं काम केलं, तेवढं अख्ख्या महाराष्ट्रात कुठल्या कचेरीनं केलं नसंल.

या कार्यक्षमतेचा पहिला लाभ केशरमावशीला झाला. मावशीचा नवरा तीन वर्षाखाली वारला. निराधारच्या पगारासाठी पंचायतीचा दाखला पाहिजे होता, तो तिला मिळाला. ती तालुक्याला घेऊन गेली. खिडकीमागच्या साहेबानं कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

“बाई, मालक वारायच्या लई अगोदरच तुम्ही विधवा झाल्या?”

“म्हणजे?”

“कागदावर दोन हजार अकरा साल आहे. तेव्हा तर मालक जिवंत होते.”

“मंग त्यांना निरोप द्या, घरी या म्हणावं,” मावशी म्हणली. “शेळ्या राखून माझं कंबरडं मोडलं.”

साहेबानं सांगितलं, बराबर तारखेचा दाखला आणा. मार्चअखेर यादी बंद होते, एप्रिल उजाडला की मंग पुढच्या वर्षी. तेव्हापासून मावशी पंचायतीच्या बाकड्यावर बसून राह्यली होती.

हे सगळं संक्रांतीच्या आसपास बबलूच्या हॉटेलात निघालं. माझा शेजारी कचरूभाऊ पंचायतीचा मेंबर आहे. त्याच्या मिशा पंचक्रोशीत मशहूर आहेत. दोन्ही टोकं वर वळवलेली, सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावलेली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण त्याचा वरचा ओठ त्याच्या बायकोनंबी पाहिलेला न्हाई.

“धुळवडीच्या आत सेल बदलून दाखवतो,” कचरूभाऊ म्हणला.

“बदलत न्हाई,” मी म्हणलो.

“लाव पैज!”

“मिशी लाव.”

कचरूभाऊनं मिशीवरून हात फिरवला, जसं कोणी पोराला परगावी धाडताना फिरवतं. “लावली. पण मी हरलो न्हाई तर तुझी जाईल. पारावर, सगळ्यांसमोर.”

“तारीख कोणती धरायची?” बबलूनं विचारलं. तो साक्षीदार होता, अन् साक्षीदाराला काहीतरी विचारावंच लागतं.

“सरकारी,” कचरूभाऊ छाती काढून म्हणला. “पंचायतीच्या काम्पुटरवर असंल ती.”

दुसऱ्याच दिवशी त्यानं अंबडहून मच्छिंद्र मेकॅनिकला आणलं. मच्छिंद्रनं भोकातून बॅटरीचा उजेड पाडून आत पाहिलं अन् म्हणला, “पाच मिनिटांचं काम आहे. दगड सोडून.”

आता मिशी मलाबी आहे. म्हणून मी ग्रामसभेत उठलो. मी विरोध बिलकुल केला न्हाई. मी फक्त एवढंच विचारलं की, दगड बसवताना नारळ फुटला होता, तर काढताना कोणाच्या हातानं फोडायचा?

तिथून पुढं मला काहीच करावं लागलं न्हाई. सभेत दोन तास चर्चा झाली. बॅटरी बदल समिती नेमली. समितीत मेकॅनिक घ्यावा अशी एक सूचना आली, पण तो बाहेरगावचा असल्यामुळं ती फेटाळली. सातही मान्यवरांची संमती घ्यायला उपसमिती नेमली. सातातले एक वारले होते. दोघांनी पक्ष बदलला होता, त्यामुळं दगडावर त्यांना एकमेकाशेजारी बसायचं नव्हतं. राहिलेल्या चौघांनी कळवलं की, दगड काढायला आपली हरकत न्हाई, फक्त आपलं नाव जागेवरून हलू नये.

केशरमावशी बाकड्यावरून हे ऐकत होती. “एवढी माणसं मिळून त्या दगडाला खांदा देता,” ती म्हणली, “तर माझ्या मालकाच्या मयतीला तरी यायचं होतं.”

धुळवड आली. मी रखमाजीला सलूनमधून वस्तऱ्यासकट उचललं अन् कचरूभाऊच्या दारात गेलो. बबलू साक्षीला होता. कचरूभाऊ हिरव्या रंगानं माखलेला होता, पण एकदम शांत.

“आज तारीख काय, अंगदभाऊ?” त्यानं मला विचारलं.

“धुळवड आहे की!”

“तू म्हणतो म्हणून? चल पंचायतीत.”

पंचायतीत त्यानं छत्रीची काडी भोकात घातली. पडदा उजळला. एक जानेवारी दोन हजार अकरा.

“धुळवडीला अजून लई टाइम आहे,” कचरूभाऊ म्हणला अन् मिशीला पीळ दिला. “रखमाजी, तू जा बाबा, तुझा धंदा खोटी होऊन राह्यला.”

मी बबलूकडं पाहिलं. बबलूनं डोकं खाजवलं. “कायद्यानं बराबर आहे,” तो म्हणला.

इथं वाचकांनी जरा थांबून परिस्थिती नीट समजून घ्यावी. सेल बदलला न्हाई तर तारीख पुढं सरकत न्हाई, अन् तारीख सरकली न्हाई तर कचरूभाऊ हरत न्हाई. सेल बदलला, तर त्याच मिनिटाला धुळवड होऊन गेलेली असणार अन् मिशी जाणार. म्हणजे ज्याला सेल बदलायचा होता त्याला आता तो जन्मात बदलू द्यायचा न्हाई, अन् ज्यानं बदलू दिला न्हाई त्याला आता तो जल्दी बदलायचा आहे. अशा वेळी माणसानं आपली मतं बदलावीत. आम्ही दोघांनीबी बदलली.

पुढच्या ग्रामसभेत मी बाकड्याकडं हात करून बोललो. एक निराधार बाई इथं झिजून राह्यली, मार्च संपत आला, अन् तुम्ही नारळाचं काय घेऊन बसले! बोलताना मी डोळेबी पुसले. मावशीनं पदर तोंडाला लावला. (ती हसत होती.) मंग कचरूभाऊ उठला. दगड म्हणजे गावाची इज्जत आहे, तो म्हणला, अन् काढताना नारळ कोण फोडणार याचा खुलासा झाल्याशिवाय कोणी हात लावायचा न्हाई. माझंच भाषण, माझ्याच आवाजात. टाळ्या मात्र त्याला जास्त पडल्या.

मी मंग दुसरा रस्ता धरला. बबलूच्या हॉटेलात, कचरूभाऊला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणलो, “जुना दगड लहानच आहे म्हणा. ग्रॅनाईटचा मोठा बसवायला पाहिजे. जालन्याला त्यावर फोटोबी कोरून देतात.”

कचरूभाऊची बशी ओठापाशीच थांबली. “कोणाचा फोटो?”

“ज्यानं सेल बदलला त्याचा. मा. श्री. कचरूभाऊ, प्रेरणास्थान.”

“मिशीसकट?”

“मिशी नसंल तर लोक वळखतील का?”

त्यानं बशी खाली ठेवली. बराच वेळ तो मिशीचं डावं टोक बोटावर गुंडाळत बसला. “ही गेली तर परत उगवती,” शेवटी तो म्हणला. “दगडावरचा फोटो परत येत न्हाई.”

जुने सात नवीन दगडावर लहान अक्षरात घ्यायचं ठरलं, संमत्या एका दिवसात आल्या. एकतीस मार्चला सकाळी कचरूभाऊनं स्वतःच्या हातानं नारळ फोडला, स्वतःच्या हातानं दगडावर घण घातला. मच्छिंद्रनं पाच मिनिटांत सेल बदलला. मॅडमनं तारीख बसवली, पडद्यावर एकतीस मार्च आली, टाळ्या झाल्या. लगेच ग्रॅनाईट बसवला, सिमेंट भरलं. (बटणाचं भोक ठेवता आलं न्हाई. ते फोटोत कचरूभाऊच्या बराबर नाकावर येत होतं. काम्पुटर आता बंदच करायचा न्हाई, असा ठराव झाला आहे.)

मंग सगळं गाव पारावर. सरपंच आले, समिती आली, उपसमिती आली. पोरं झाडावर चढली. कचरूभाऊची बायको पुढच्या रांगेत पदर सावरून बसली होती, जशी पाहुणा बघायला बसावी. कचरूभाऊ खुर्चीवर ताठ बसला. रखमाजीनं फेस लावला, वस्तरा चामड्यावर दोनदा ओढला, अन् डावी बाजू साफ केली. गावाच्या तोंडातून एकच आवाज निघाला.

तेवढ्यात गर्दीतून केशरमावशी आली. हातात दाखला, आजच्या तारखेचा. प्रियदर्शनी मॅडमनं काढून दिला होता. फक्त ग्रामसेवकाची सही राह्यली होती, अन् ग्रामसेवक सगळ्यात पुढं उभं राहून मोबाईलवर शूटिंग करत होता.

“साहेब, सही करा. अंबडची गाडी फाट्यावर उभी आहे. आज शेवटचा दिवस आहे.”

“करतो, मावशी. एकच मिनिट. उजवी बाजू राह्यली.”

“गाडी जाईल की हो!”

“अगं थांब ना मावशी!” अख्खा पार एका आवाजात ओरडला. मीबी ओरडलो, अन् सगळ्यात मोठ्यानं मीच.

तुम्ही ओरडले न्हाई, मला माहीत आहे. तुम्ही शिकलेले लोक. पण खरं सांगा, इथपर्यंत आल्यावर तुम्हालाबी आधी उजवी बाजूच बघायची होती ना?

बघा मंग. झाली साफ. ओठ एकदम गोरापान निघाला.

गाडी गेली.