पदमशेठची चाकांची पेटी

"पेटी निवडावी तं पदमचंदनं! हत्तीनं पाय ठेवला तं हत्तीचा पाय मुरगळंल, पन पेटीले काही होनार नाई!"

कारंज्याच्या पदमचंदशेठनं ही घोषणा केली तेव्हा ऐकायला रूपला सुतार आणि त्याचा रंधा एवढेच हजर होते. पण घोषणाच अशी दणक्यात झाली की रंधासुद्धा जागच्या जागी थांबला.

मंडळी, या पेटीपायी शेठचं काय झालं ते सांगतो. खोटं वाटलं तर कारंज्याला जाऊन विचारा. तिथं कोणी कबूल करणार नाही, ही गोष्ट वेगळी!

पदमशेठचं कापडाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर आणि घरात कंचनबाई. माणूस सरळ, दर्शन घेतल्याशिवाय पाणी न पिणारा. खोड एकच. मंगरूळपीरच्या जिनिंगवर मुंबईहून माणिकराव नावाचे इंजिनीयर आले होते. त्यांनी यंत्रं किती सुधारली ठाऊक नाही, पण दोन्ही गावच्या पाच-सहा भल्या माणसांना पोकर नावाचा विलायती पत्त्यांचा खेळ शिकवून पार बिघडवून टाकलं! बैठक एकदा इकडं, एकदा तिकडं. या खेळात डावावर चकत्या लावतात. लाल, हिरव्या, निळ्या, रुपयाहून मोठ्या, आणि अशा वजनदार की ढीग उचलताना नवख्याचं मनगट लचकावं. त्या सांभाळायचा आणि बैठकीला पोचवायचा मान शेठकडं होता.

आणि कंचनबाईंनी बजावून ठेवलं होतं, "पुन्हा पत्त्याले हात लावल्याचं कानावर आलं, तं मी शिरपूरले माहेरी जाईन. अन् गुपचूप नाई जानार! मंदिराच्या पायरीवर उभी राहून, सगळ्या समाजाले कारन सांगून जाईन!"

जैन धर्मानं वर्ज्य केलेल्या सात व्यसनांत जुगाराचा नंबर पहिला. शेठला जेवतानासुद्धा वरणाच्या वाटीत ती पायरी दिसायची.

आधी चकत्या गव्हाच्या थैलीतून जायच्या. त्या आषाढात मंगरूळपीरच्या एसटीत थैली उसवली. गाडी चढाला लागली आणि चकत्या ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत अशा सुटल्या, जशी शाळा सुटावी!

"बटनं हायेत, बटनं!" शेठ बाकाखाली रांगत ओरडले.

"एवढाली बटनं?" कंडक्टर म्हणाला. "शेठ, कोट कोनाचा शिवून राह्यले? रावनाचा?"

झालं! शेठनं पेटीचा ध्यास घेतला. पत्र्याची ट्रंक पाहिली, तर तिचं बूड थैलीहून पातळ. बाजाची पेटी मिळत होती, पण ती घेऊन निघालेल्या माणसाला कारंज्यात भजन म्हटल्याशिवाय कोणी पुढं जाऊ देत नाही. एका डॉक्टरची जुनी पेटी मजबूत होती. शेठनं ती नुसती हातात धरून पाहिली, तोच शेजारच्या गोजराबाईनं समोर येऊन जीभ काढून दाखवली!

शेवटी रूपलाकडून सागवानी पेटी करवली, आणि खाली चाकं लावायची टूम शेठनं स्वतः काढली. चाकांची पेटी तेव्हा वऱ्हाडात कोणी स्वप्नातही पाहिली नव्हती. आधी पांगुळगाड्याची चाकं लावली. पेटीनं पहिल्याच पावलाला बसकण मारली. मग जिनिंगच्या भंगारातली लोखंडी चाकं आली. आतून लोखंडी पट्टी आणि बाहेर मुठीएवढं कुलूप.

"शेठ, ईच्यात ठेवता काय? तोफ?" रूपलानं विचारलं.

"कापडाचे नमुने."

"मंग तुमचं धोतर पत्र्याचं असंल!"

खोट एकच राहिली. दोरी बांधून पेटी ओढली की असा आवाज उठायचा, की माणसं चटकन रस्त्याच्या कडेला होऊन मागं रेल्वे पाहायची.

चातुर्मास चालू होता आणि गावात एक मुनिमहाराज मुक्कामाला होते. आहाराला निघताना महाराज मनाशी एक खूण धरत. ती ज्या दारी दिसेल तिथंच थांबायचं, नाही दिसली तर उपास. खूण कोणती, ते कोणाला सांगत नसत. म्हणून सकाळी जैनांची घरं अंदाजानं सजून उभी असत. कोणाच्या हाती कलश, कोणाच्या हाती नारळ, कोणाच्या हाती डाळिंब. दोन दिवस झाले, खूण काही जुळली नव्हती. महाराज उपाशी, आणि त्यांच्यापायी गावाच्या घशाखाली घास उतरेना. कंचनबाईंनी तर त्या दिवशी कलशावर नारळ, नारळावर डाळिंब आणि डाळिंबावर लवंग अशी उतरंडच रचली होती!

नेमकी त्याच दिवशी मंगरूळपीरला बैठक. शेठनं हिशेब केला : सगळं गाव दारात, सगळ्यांचे डोळे महाराजांच्या वाटेकडं. मागच्या बोळातून सटकावं आणि एसटी धरावी. कोण पाहतं?

बोळाला उतार होता, हे शेठ विसरले. पेटी मात्र विसरली नव्हती! चार पावलं शेठनं पेटी ओढली, पुढं पेटीनं शेठला ओढलं. गडगडाट करत ती मोठ्या रस्त्यावर आली, गर्रकन वळली आणि थेट स्वतःच्या घरासमोर, कंचनबाईंच्या शेजारी थांबली. मागून दोरीला लोंबकळत शेठ आले.

आणि समोर महाराज.

महाराजांनी कलश पाहिला, पेटी पाहिली, धापा टाकणारे शेठ पाहिले. आणि थांबले!

"हे स्वामी, नमोस्तु! नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!" कंचनबाईंनी कलश पुढं धरला.

"जुळली! खूण जुळली!" रस्ताभर ओरडा झाला. "पेटी होती खूण, पेटी!"

शेठला विहिरीवर नेऊन घागरीमागून घागरी ओतल्या, कोरं धोतर नेसवलं आणि महाराजांपुढं उभं केलं. आता आहार देणाऱ्यानं म्हणायचं असतं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध. पेटी लोकांनी अंगणात आणून ठेवलेली. शेठचं 'मन' ओठाशी आलं आणि तिथंच उकिडवं बसलं.

"जोरानं म्हना ना!" कंचनबाई कुजबुजल्या.

शेठनं पहिल्या तीन शुद्धी मिशीत पुटपुटल्या आणि 'आहार-जल शुद्ध' मात्र गर्जून सांगितलं. तेवढंच खरं होतं!

आहार आटोपून महाराज शांतपणे मंदिराकडं गेले. गर्दी तिथंच राहिली. पेटीला केशराची बोटं लागली, वर तांदूळ पडले. मंदिराचे कारभारी हुकूमचंदजी पुढं आले. कारंज्यात त्यांच्या शब्दापुढं शब्द नव्हता.

"पदमचंद, ईच्यात हाये काय?"

"ध... धर्माचं सामान."

"अन् रस्त्यानं फरफटत नेऊन राह्यला? उचला रे!"

चौघांनी पेटी चौरंगावर ठेवली. आत खळखळलं.

"उघड पदमचंद. सगळ्यायले दर्शन घेऊ दे."

"किल्ली हरपली!"

किराणावाला दुलीचंद घरून पहार घेऊन आला. घाव घातला. पेटी ढिम्म! दुसरा घातला. पहार वाकली! शेठची छाती मात्र आपोआप फुगायला लागली. मंडळी, निवड कोणाची होती!

"पट्टी आतून हाये," शेठच्यानं राहवेना. "बाहेरून घाव घालून काय उपेग?"

दुलीचंदनं घाम पुसला आणि तोंड वाकडं केलं. "पेटीत काही दम नाई. कुलूप गंजलं हाये, म्हनून खुलत नाई. कबाडी माल गयात मारला तुमच्या!"

"गंजलं?" शेठचा आवाज चिरकला. "माया कुलपाले गंज? हे पाय, लोन्यावानी फिरते!"

आणि कमरेची किल्ली काढून त्यांनी फिरवून दाखवली. कट्! झाकण वर गेलं, तेव्हा आपण काय करून बसलो ते शेठला कळलं.

काठोकाठ चकत्या! लाल, हिरव्या, निळ्या. प्रत्येकीवर काळा इस्पिक. कंचनबाई वाकून पाहू लागल्या. शेठला पायरी दिसली, पायरीवर उभ्या कंचनबाई दिसल्या आणि खाली अख्खा समाज दिसला.

हुकूमचंदजींनी जन्मात पत्ते पाहिले नव्हते. त्यांनी एक चकती उचलून चष्म्याजवळ नेली.

"पिंपळाचं पान दिसते..." ते पुटपुटले. मग चेहरा उजळला. "अरे! माळा मोजायच्या चकत्या हायेत ह्या! एक माळ झाली का एक चकती बाजूले! पदमचंद, बरोबर ना?"

"ब... बरोबर!"

"वा! आमी लवंगा ठेवतो, अन् ध्यानात न राहून खाऊन टाकतो! अन् ह्यानं एवढ्या माळांचा नेम धरला, पन कोनाले सांगतलं नाई!"

"अन् मी तुमाले काय काय बोलली!" कंचनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

वाचलो! शेठनं श्वास सोडला. तो अर्धा सुटला असेल नसेल, तोच हुकूमचंदजी म्हणाले, "नेम आता चारचौघांत उघड झाला. आता मोडता येत नाई. रोज संध्याकाळी मंदिरात, सगळ्यायसमोर. पेटी खाली होईस्तोवर!"

"अन् खाली झाल्यावर?"

"भरायची ना पुन्हा!"

दुसऱ्या सकाळी अर्धं गाव चाकांवर उभं होतं. कोणाचा पांगुळगाडा, कोणाची सायकल, एकानं शिलाई मशीन! महाराज थांबले अंगुरीबाईच्या दारी. तिच्या घरात चाक म्हणून नव्हतं. मंगरूळपीरला चार दिवस चिंचोक्यांवर खेळून माणिकराव चकत्या न्यायला आले. मंदिरात डोकावले, चौरंगावर फुलांनी झाकलेली पेटी पाहिली, गुपचूप हात जोडले आणि आल्या गाडीनं परत गेले.

आणि पहिल्या संध्याकाळचं तर ऐका! शेठ मंदिरात बसले. समोर कंचनबाई, मागं हुकूमचंदजी, भोवती गाव. पुढ्यात चकत्यांचा ढीग. दिवस कलायला आला होता. जैनाला दिवस मावळल्यावर घास नाही, म्हणून शेठनं बेत केला होता की एक माळ ओढावी, चकती सारावी आणि जेवायला पळावं. माळ झाली. बोटांना चकतीचा गारवा लागला. डोळे मिटलेलेच होते. समोर माणिकराव बसलेत आणि आपल्या हाती तीन राण्या आल्यात, असं काहीसं शेठला वाटलं. असे पत्ते आले की पोकरवाला काय करतो? शेठनंही तेच केलं. दोन्ही हातांनी सगळाच्या सगळा ढीग खसकन पुढं लोटला!

"धन्य!" हुकूमचंदजी गदगदून ओरडले. "ढीगच्या ढीग पुढं केला! एवढ्या माळा आजच्या आज! हे सरल्याबिगर पदमचंद उठत नाई!"

शेठनं डोळे उघडले. हात ढिगावरच होते. मागं घेण्याची सोय नव्हती; ती पोकरमध्येही नसते.

कंचनबाई डोळे पुसत, भरल्या मनानं उठल्या.

"तुमी बसा निवांत," त्या म्हणाल्या. "तुमच्या वाटचं मी गाईले घालून येते."