हकीकत बेगम मोटारीच्या दोन पंख्यांची

॥ श्री ॥ आधी नमन विघ्नहर्त्यास, दुसरे घाटमाथ्यावरील पिरास, आणि तिसरे बॅटरीस, जी रुसली असता पहिल्या दोघांपाशी गाऱ्हाणे नेऊन उपयोग होत नाही. शके १९४०, विलंबीनाम संवत्सरे, चैत्र वद्य पक्षी घाटाखालील राज्यात जे वर्तमान जाहले ते यथामती लिहिले असे. राज्याचे नाव पुसाल तर सांगणार नाही. ज्याने त्याने आपल्या गावचे समजावे. राज्याचा विस्तार म्हणाल तर हमरस्त्यास लागून एक पत्र्याचे छप्पर, खाली दोन मोटारी मावतील इतकी जमीन, आणि पुढे एक चिंच, तोच दरबार. त्या राज्यात दोन सरदार होते. एक बाबालाल मुजावर, इंजिनाचे कारभारी. दुसरे सोपानराव गुरव, तारांचे कारभारी, ज्यांस रयत वायरमन म्हणे. दोघांनी चाळीस वर्षे एका डब्यातली भाकरी खाऊन राज्य केले, आणि भांडण म्हणाल तर रोज, परंतु अबोला म्हणाल तर एकदाही नाही.

ऐसियास या राज्यात एक गुपित होते. सोपानराव यांस लाल आणि हिरवा हे दोन रंग जन्मापासून एकच दिसत. आता वायरमनास लाल-हिरवे कळू नये म्हणजे आचाऱ्यास गोड-खारट कळू नये ऐसी गोष्ट! रयतेच्या कानी जाते तर कोण शहाणा आपली मोटार त्यांच्या हाती देता? परंतु बाबालाल यांनी पहिल्याच वर्षी ओळखले. एका जीपचा हॉर्न दाबावयास गेले तो वायपर नाचू लागले, आणि सोपानराव घामाघूम होऊन तारांकडे पाहत राहिले. बाबालाल हसले नाहीत, पुसलेही नाही. विडी विझविली आणि शेजारी येऊन बसले, मग म्हणाले, "सोपान्या, आजपास्नं वाटणी. लाल ती माझी, माझ्या नावातच लाल हाय. हिरवी ती तुझी." तेव्हापासून तारा सोलावयास बसले की बाबालाल बोट लावीत आणि म्हणत, "ही माझी, ही तुझी." गिऱ्हाईक समजे, म्हातारे होत चालले तरी पोरखेळ सुटत नाही. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकास वास लागला नाही.

अहो, काय ते दिवस! आता मोटारीस कॉम्प्युटर जोडतात आणि तो सांगेल ते ऐकतात. तेव्हा बाबालाल बॉनेटवर कान टेकून सांगत की कोणता वाल, म्हणजे इंजिनाची झडप, रडतो. कोणत्याही गाडीस विजेचा पंखा बसविला की खांद्यावरचा चौकड्याचा रुमाल काढून पुढल्या जाळीस लावीत. रुमाल जाळीस चिकटला की म्हणत, "श्वास घेतीया. पाठवा." आणि मगच चहा सांगत. चहा सोपानरावांनी आधी पिऊ नये, ऐसा दंडक होता. सोपानराव चिडत, "अरे, माझं काम तपासतोस व्हय?" आणि बाबालाल म्हणत, "तुझं नाय रं, पंख्याचं."

मग शके १९३९ मध्ये बाबालाल पैगंबरवासी जाहले, आणि सोपानराव चिंचेखाली एकटे राहिले. त्यांनी तारांची कामे कमी केली. टेस्टिंगचा दिवा लावून जिवंत तार कळेल तेवढेच हाती घ्यावे, बाकीच्यास "वेळ नाही" म्हणून वाटेस लावावे. वेळ तर रगड होता. वेळ खाऊन टाकी, ऐसी अवस्था होती.

ऐशा समयी बाबालालांची लेक मेहरुन दरबारी आली. ती घाटमाथ्यावरील शाळेत मास्तरीण, आणि बापाची जुनी मोटार चालवीत रोज घाट चढे. मोटारीचे नाव बेगम. बाबालाल तिला ऐसे जपत की खरी बेगम घरात भांडी आपटी. परंतु बेगमेचा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा मोडला, तसली पाती कोठे मिळेनात, आणि घाटात बेगम तीन वेळा उकळली. मेहरुन म्हणाली, "काका, आमचे हे म्हणतात, अजून एकदा उकळली तर गुरुवारी भंगारवाला येणार. मी जुन्या बाजारातून विजेचे दोन पंखे आणलेत. तेवढे जोडून द्याल? अब्बांचं आता एवढंच उरलंय माझ्याकडे." सोपानराव पेचात पडले. नाही म्हणावे तर बाबालालांची शेवटची खूण तुकडे होऊन विकली जाते. हो म्हणावे तर "ही माझी" म्हणावयास कोण आहे? परंतु तोंडातून निघून गेले, "ठेव गाडी. उद्या ने."

मग सोपानरावांनी तीन प्रहर खपून मोठी मांडणी केली. बॅटरीपासून जाड तार काढिली आणि वाटेत फ्यूज बसविला, जो पहाऱ्याचा शिपाई; आग लागण्याआधी आपण जळावे हेच त्याचे व्रत. पुढे रिले बसविला, जो हुजऱ्या. बारीक तारेने हुकूम घ्यावा आणि जाड तारेची वीज सोडावी हे त्याचे काम. पाण्याच्या नळीवर गरमीचा स्विच बसविला, तो वैद्य. ताप चढताच त्याने वर्दी द्यावी. रेडिएटराच्या पाठीशी दोन्ही पंखे ठाकठीक बसविले. इतके सर्व यथास्थित जाहले, आणि मग पंख्यांच्या शेपट्या हाती आल्या. एक लाल, एक हिरवी. दिव्यास पुसावे तर दिवा मुका, कारण वीज येईतो दोन्ही तारा मेलेल्याच. मन म्हणे, मेहरुनला बोलवावे. मन म्हणे, झाकली मूठ सव्वा लाखाची, ती म्हातारपणी लेकीसमोर कशास उघडावी? शेवटी डावी-उजवीवरून अदमास बांधिला आणि दोन्ही पंखे जोडिले. मग चाचणीसाठी वीज सोडिली आणि स्वतः मोटारीपुढे जाऊन उभे राहिले, तो दोन्ही पंखे गरगर फिरू लागले आणि ऐन चैत्राच्या उन्हात सोपानरावांच्या घामेजल्या तोंडावर गार वारा आला. सोपानराव डोळे मिटून म्हणाले, "वा रं बाबालाल! काय वारं सुटलंय!" आणि रुमालाची आठवण जाहली नाही. रुमाल लावणे हे कधी त्यांचे काम नव्हतेच.

दुसरे दिवशी सकाळी मेहरुन गाडी नेण्यास आली, तो सोपानरावही शेजारी चढून बसले. बेगम घाटास लागली. पहिले वळण सुखरूप गेले, दुसरे गेले, मग काटा चढू लागला. मेहरुन काट्याकडे पाही आणि सोपानराव पंख्यांचा आवाज ऐकत म्हणत, "फिरत्यात, दोन्ही फिरत्यात, चल तू." पाचव्या वळणास बॉनेटखालून वाफ आली आणि बेगम रस्त्याकडेस उभी राहिली. सोपानराव दगडावर बसले आणि मातीकडे पाहत राहिले. भंगारवाल्याचा टेम्पो त्यांस डोळ्यांसमोर दिसत होता. मेहरुनने इंजिन बंद केले, परंतु ताप उतरला नव्हता म्हणून पंखे फिरतच होते. तिने पुढल्या खणातून बाबालालांचा चौकड्याचा रुमाल काढिला, हात पुसले, आणि सवयीनेच म्हणावे तसा तो जाळीस लावून सोडिला. तो रुमाल उडून तिच्याच तोंडावर आला.

मेहरुन म्हणाली, "काका, हे उलटे फिरतायत! वारा आत ओढायचा सोडून बाहेर फेकतायत. समोरून गाडीचा वारा आणि आतून यांचा, दोघांची नुसती मारामारी." सोपानरावांनी कपाळास हात लाविला; लाल-हिरव्याची अदलाबदल जाहली की पंखा उलटा फिरतो. काल तोंडावर आलेला तो गार वारा त्यांस आठवला, आणि लाजेने मान वर होईना. म्हणाले, "चुकलो गं पोरी. मला... मला ते..." तेव्हा मेहरुन पंखे थांबण्याची वाट पाहून वाकली, शेपट्या हाती धरिल्या, "लाल" असे म्हणता म्हणता तिने जीभ चावली, आणि मग सावकाश बोट लावून म्हणाली, "काका, ही माझी. ही तुमची."

वास्तविक तारा उलट्याच्या सुलट करण्यास आता रंग पाहण्याची गरजही उरली नव्हती. सोपानरावांस ते कळत होते, तिलाही कळत होते. सोपानरावांनी विचारले, "तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "अब्बांनी. मी आठवीत होते. म्हणाले, सोपानकाकासमोर रंगाचं नाव काढशील तर घरात जेवायला मिळणार नाही." सोपानराव हसू लागले आणि हसता हसता हुंदके देऊ लागले. वर्षभर कोंडलेले रडे ते पाचव्या वळणास आले. मग डोळे पुसून पक्कड मागितली, आणि ती "माझी, तुमची" म्हणत गेली आणि हे जोडत गेले. पाणी भरिले, गाडी चालू केली, ताप चढताच पंखे लागले, आणि मेहरुनने रुमाल सोडिला तो थाडकन जाळीस चिकटला. सोपानराव म्हणाले, "श्वास घेतीया. चल." बेगम तेथून जी निघाली ती घाटमाथा येईतो काटा मध्यापलीकडे गेला नाही. शाळेपाशी उतरून मेहरुनने घरी फोन लाविला आणि एवढेच बोलली, "भंगारवाल्याला नको म्हणून सांगा."

सोपानरावांनी बेगमेच्या बॉनेटवर हात फिरविला आणि पुसिले, "पोरी, एक विचारू? हिचा रंग कोणता गं?" मेहरुन म्हणाली, "लाल, काका." सोपानराव म्हणाले, "बघ, आणि मी चाळीस वर्षं हिला हिरवी समजत होतो. आयुष्यात एकच लाल ओळखता आला बघ मला." आणि रुमालाची घडी करून खांद्यावर टाकिली.

तात्पर्य, बेगम राहिली. चिंचेखाली तारांची कामे पुन्हा सुरू जाहली आहेत. रविवारी मेहरुन येऊन बसते, आणि रुमाल चिकटल्यावाचून चहा कोणासच मिळत नाही. राज्य लहान, सबब हकीकतही लहान.