बदकाची पन्नास पोती

तुलना करणं हा माझा हातखंडा आहे. लोक गातात, पोहतात, मॅरेथॉन धावतात. मी तुलना करतो. डिशवॉशर घ्यायचा होता तेव्हा मी अकरा मॉडेलांचा अभ्यास केला, आणि तो पूर्ण होईपर्यंत आम्ही साडेतीन महिने हाताने भांडी घासली. पण डिशवॉशर कसला मिळाला! इथे मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत कुणाला गाडीचे टायर बदलायचे असले, तरी आमच्या मराठी मंडळातले लोक आधी मला फोन करतात. माझी बायको विनीता म्हणते की ते मला फोन करायचं टाळतात. तिच्याकडे याचा कसलाही डेटा नाही.

तर गेल्या डिसेंबरची गोष्ट. विनीताला आठवा महिना लागला होता आणि तिच्या बाळंतपणासाठी सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. शोभनाबाई हे त्यांचं नाव, पण मी त्यांना आईच म्हणतो. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिना चढायला नको म्हणून आम्ही त्यांना खालची, गॅरेजला लागून असलेली खोली दिली. घरभर गॅसचा फर्नेस चालतो, पण त्याची गरम हवा या खोलीपर्यंत येता येता रस्त्यातच दमते. आधीच्या मालकाने म्हणूनच तिथे एक पेलेट स्टोव्ह बसवलेला होता. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या म्हणजे पेलेट. त्या वरच्या टाकीत ओतायच्या. मग खालचं एक मळसूत्र फिरतं, कांड्या एकेक करून लोखंडी वाटीत पडतात आणि काचेमागे जळतात. सासूबाई त्याला शेगडीच म्हणायच्या.

मिनेसोटाची थंडी ही नागपूरच्या उन्हाळ्याची सख्खी बहीण आहे, दोघांनाही माणूस घरात कोंडायची हौस. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंचे गुडघे सुजले. त्या दोन स्वेटर, कानटोपी आणि शाल अशा सरंजामात बसू लागल्या. तक्रार अक्षराने नाही. पण तिकडून मेव्हणे यतीन रोज व्हिडिओ कॉल करायचे आणि आईला कानटोपीत बघून त्यांचा जीव वरखाली व्हायचा. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, की पंधरा दिवसांत खोली नीट गरम झाली नाही, तर मी आईचं तिकीट बदलतो.  नंतर विनीता मला म्हणाली, "श्रीरंग, आईला त्रास देऊन मला तिला ठेवून घ्यायचं नाहीये. पण ती गेली तर मला फार भीती वाटेल रे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी दुसरा नवरा काय करील ते मला माहीत नाही. मी नवीन स्प्रेडशीट उघडली.

माझ्या मते दोष स्टोव्हचा नव्हता, पेलेटचा होता. मी तीन ब्रँडची पोती आणली. नावं सांगत नाही, उगाच कुणाची बदनामी नको. एका पोत्यावर हरीण होतं, एकावर बदक, एकावर अस्वल, आणि घरात त्यांना तीच नावं पडली. प्रत्येकाला दोन दोन दिवस द्यायचे ठरले. खोलीत फोनला जोडलेला थर्मामीटर लावला. उष्णता, धूर, राख, वास असे रकाने केले. शेवटचा रकाना होता 'आईंचा अभिप्राय', दहापैकी गुण. शेवटी वापरणारं माणूस काय म्हणतं ते महत्त्वाचं, हे मी ऑफिसात गेली चौदा वर्षं सांगत आलोय.

सोम-मंगळ हरीण जाळलं. खोली चौसष्ट फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्याकडच्या अठरा अंशांपर्यंत गेली. सासूबाईंना विचारलं, कसं वाटतंय? त्या म्हणाल्या, छान आहे. मी दहापैकी आठ लिहिले.

बुध-गुरू बदक. आणि काय सांगू! सकाळी टाकी भरून मी माझ्या मीटिंगला वर गेलो, आणि नऊ वाजता खाली आलो तर खोलीत अशी ऊब, की मला स्वेटर काढावा लागला. काच आरशासारखी लख्ख. ज्योत पिवळीधमक. थर्मामीटर एक्काहत्तर! सासूबाई म्हणाल्या, छान आहे तुमचं बदक. मी दहापैकी दहा लिहिले. त्या दिवशी उपम्यालासुद्धा एक वेगळाच, जंगलात फिरायला गेल्यासारखा सुवास येत होता. मी तसं कौतुकाने बोलून दाखवलं. सासूबाई जराशा दचकल्या आणि मला अजून एक वाढणी वाढली.

शुक्रवारी आमच्या ऑफिसातल्या कामाची गडबड होती म्हणून चाचणीला सुट्टी, फर्नेसवरच भागवलं. शनि-रवि अस्वल. शनिवारी दत्तजयंती होती, म्हणून विनीताची मैत्रीण राधिका सासूबाईंना दोन दिवस तिच्या घरी घेऊन गेली. मी म्हटलं, उत्तम, आता कुणी दार उघडणार नाही, चाचणी आणखी काटेकोर होईल. पण अस्वलाने साफ निराशा केली. काच काळी, राखेचा ढीग, तापमान बासष्टच्या वर सरकेना. दुकानदाराने ज्याची सगळ्यांत जास्त तारीफ केली होती, ते हेच अस्वल. जाहिरातीला लोक कसे भुलतात, यावर मी विनीताला वीस मिनिटं समजावून सांगितलं. रविवारी संध्याकाळी सासूबाई परतल्या. अस्वल कसं वाटतंय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तेही छान आहे. म्हातारं माणूस, भिडस्त स्वभाव. मी तो गुण धरला नाही.

निकाल स्वच्छ होता. मी बदकाची ऑर्डर दिली. एक टन.

विनीता म्हणाली की आधी पाच पोती आणून बघूया. मी तिला आलेख दाखवला. आलेखापुढे कुणाचं काही चालत नाही. मंगळवारी ट्रक आला आणि पन्नास पोती आमच्या गॅरेजमध्ये रचून गेला. गाडीला जागा उरली नाही, ती बाहेर ठेवावी लागली. काही हरकत नाही. मी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की आता तुम्ही शेगडीकडे फिरकायचंसुद्धा नाही, वाकायचं नाही, फक्त ऊब घ्यायची. त्या काहीतरी बोलणार होत्या. मग माझ्याकडे बघून नुसतं "बरं" म्हणाल्या.

बुधवारी बाहेर उणे अठरा फॅरनहाइट होतं. मी बदकाचं नवं पोतं ओतलं आणि मीटिंगला गेलो. नऊ वाजता खाली आलो तर काच काळीकुट्ट. ज्योत आजारी मांजरासारखी पडून होती. वाटीत न जळलेल्या कांड्यांचा डोंगर. मी बघत असतानाच मळसूत्राने एक करकर आवाज केला, स्टोव्हच्या स्क्रीनवर लाल दिवा लागला आणि सगळं बंद पडलं. खोली चोपन्न.

मी मॅन्युअल काढलं. शेहेचाळीस पानं! स्टोव्हला थोपटून पाहिलं, बटण दाबून पाहिलं, विनीताचा हेअर ड्रायर लावून पाहिला. पोतं खराब असेल म्हणून दुसरं फोडलं, तेही तसंच. तेवढ्यात यतीनचा कॉल आला. सासूबाई कानटोपी, शाल आणि वर माझं जॅकेट घालून बसल्या होत्या. यतीननी एवढंच विचारलं, "आई, तुझ्या तोंडातून वाफ निघते आहे का?" निघत नव्हती, पण सासूबाईंनी वाद घातला नाही. संध्याकाळपर्यंत यतीनचा मेसेज आला, की उद्याच्या विमानाचं तिकीट झालं आहे, आईला वेळेवर एअरपोर्टवर सोडा.

विनीता गुपचूप जाऊन आईची बॅग भरायला लागली. एकेक साडी घडी करून ठेवत होती आणि नाक ओढत होती. मी जमिनीवर, मॅन्युअलच्या एकोणतिसाव्या पानावर. इतका नालायक मी स्वतःला कधीच वाटलो नव्हतो. सासूबाई दारात उभ्या राहून एकदा लेकीकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे.

मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमची हरकत नसेल, तर मी हात लावू का?"

मी म्हटलं, लावा ना. त्यांनी शाल काढून ठेवली, पदर खोचला आणि प्लॅस्टिकचं स्टूल ओढून स्टोव्हसमोर बसल्या. "पहिले त्याची पिन काढा," त्यांनी हुकूम केला. मी भिंतीतला प्लग काढला. माझ्या हातात एक परात देऊन त्यांनी टाकीतलं सगळं बदक बाहेर काढायला लावलं. टाकीच्या तळाला आणि मळसूत्रात हा एवढा भुसा गच्च बसलेला! तो त्यांनी बोटांनी आणि चमच्याच्या दांड्याने उकरून काढला. मग स्वयंपाकघरातून रव्याची चाळणी आणली, नागपूरहून आणलेली, त्यांची स्वतःची. दोन दोन वाट्या कांड्या घेऊन त्या चाळायला लागल्या. खाली भुशाचा ढीग, वर कोरड्या कांड्या. उलथन्याने वाटी खरवडली, तिची बुजलेली भोकं मोकळी केली. ओल्या वर्तमानपत्राला राख लावून काच घासली आणि ती दोन मिनिटांत लख्ख झाली. सगळं मिळून वीस मिनिटं. पिन लावली. ज्योत उठली ती ताठ, पिवळीधमक.

मी ती ज्योत ओळखली. बदकाच्या दोन दिवसांत मी हीच ज्योत बघितली होती. हीच काच. तो उपमा! मी घाईघाईने फोनवर जुना आलेख उघडला. बुधवारी आणि गुरुवारी, दोन्ही दिवशी, मी मीटिंगला गेल्यावर बरोबर अर्ध्या तासाने रेष सरळ वर चढली होती. शनिवार-रविवारी रेष आडवी. मी तो बदकाचा गुण समजलो होतो.

"आई, हे तुम्ही रोज करत होता?"

"रोज नाही हो. हरणाच्या वेळी एकदा वाटी साफ केली. बदकाला मात्र दोन्ही दिवस चाळलं. फारच धूर होऊन राहिला होता."

"आणि अस्वल?"

"ते चांगलं आहे. मी आल्यावर मुठीत घेऊन पाहिलं, जरासुद्धा भुसा नाही. त्याला काही करायची गरजच नव्हती. फक्त तळाशी उरलेली बदकाची घाण आधी काढायला पाहिजे होती, अन् मी नेमकी राधिकाकडे."

म्हणजे मी सहा दिवस तीन ब्रँडची तुलना केलीच नव्हती. मी सासूबाई घरात असण्याची आणि नसण्याची तुलना केली होती!

मी विचारलं की मग इतके दिवस बोलला का नाहीत. त्यांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. जावयाने हौसेने आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची असतात का? त्यांच्या आईने ठेवली नाहीत, त्यांनी कशी ठेवायची? मला वाईट वाटू नये, माझं बदक जिंकावं, म्हणून त्या सुजलेल्या गुडघ्यांनी स्टुलावर बसून चाळत होत्या, आणि मी वर बसून लोकांना पारदर्शकतेचं महत्त्व सांगत होतो.

मग हळूहळू बाकीचं कळलं. लग्नानंतर एकोणीस वर्षं त्यांच्याकडे भुशाची शेगडी होती. आरा मशीनवरून भुसा आणायचा, चाळायचा, मधे बाटली उभी धरून चहूकडून ठासायचा आणि मग बाटली अलगद काढून घ्यायची. सात माणसांचा स्वयंपाक त्यावर. भुसा ओला की कोरडा, सागाचा की बाभळीचा, हे त्यांना नुसतं चिमटीत धरून कळतं. ज्या विषयावर मी तीन रात्री व्हिडिओ बघितले, त्या विषयातलं एवढं मोठं माणूस माझ्याच घरात कानटोपी घालून बसलं होतं, आणि मी त्यांना दहापैकी गुण विचारत होतो. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोसुद्धा. त्या म्हणाल्या, उठा, हाताला काजळी आहे, डोक्याला लागेल.

खोली एकोणसत्तरवर आली तेव्हा मी मनाशी ठरवलं, की यतीनना फोन करून सगळं कबूल करायचं. चूक माझी आहे, अस्वल मागवतो, तिकीट रद्द करा. मी नंबर लावला. पण मी "यतीन, ऐका," एवढं म्हणतोय तोच सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. यतीन म्हणत होते, की आई, उगाच हट्ट करू नकोस, तिथल्या थंडीत तुझं काय होईल. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी येत नाही. तिकीट कॅन्सल कर. गॅरेजमध्ये पन्नास पोती पडली आहेत, ती चाळल्याशिवाय माझं बाळ या घरात कसं यायचं?"

पलंगापाशी विनीता बॅगेतली साडी हातात घेऊन उभी होती. रडत होती आणि हसत होती. यतीननी तिकडून विचारलं की पोती जावईबापू का चाळत नाहीत, एवढे हुशार आहेत ना ते?

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मला ऐकू जाऊ नये म्हणून फोन घेऊन दोन पावलं खिडकीकडे गेल्या आणि आवाज उतरवून, पण मला शब्दन् शब्द ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाल्या, "हुशार तर खूपच आहेत रे. म्हणून तर त्यांच्या भरवशावर लेकीला सोडून येववत नाही."