हिरामणचं सामाईक सामान

माझं नाव एका पिवळ्या पट्टीला दिलेलं होतं. रस्त्याला, चौकाला, निदान शाळेच्या एखाद्या खोलीला दिलं असतं तर मी घरात सांगितलं तरी असतं. पण ही पट्टी कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटते, ‘जरा बघा, चुकतंय’ म्हणते आणि निघून जाते. हा मान मला दिला लोणखेड्यातल्या माझ्या शेजाऱ्यानं, हिरामणनं.

"मन्हंच नाव कसाले रे?" मी विचारलं.

"गुरुजी, कोणी चुकनं का तुम्ही लगेच सांगतस. आन सांगीसन निंघी जातस. थांबतस नही."

याला कौतुक समजावं की टोमणा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

हिरामण पंचेचाळिशीचा, एकटा. पुण्यातल्या एका कंपनीसाठी वेबसाइट बनवतो. दोन वर्षांपूर्वी गावी परतला आणि तेव्हापासून तेच काम घरात बसून करतो. काम म्हणजे नेमकं काय, हे मी मराठीचा निवृत्त मास्तर असूनही सांगू शकत नाही. एकदा तीन आठवडे तो एकाच बटणाला चिकटून होता. शेवटी मला बोलावून दाखवलं. निळं होतं. दाबलं तर जरा जास्त निळं झालं.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय गुरुजी? झायं!"

हा त्याचा आवडता शब्द. ‘झायं!’ म्हणून तो टाळीसाठी हात पुढे करतो. काय झालं ते न कळता मी टाळी देतो.

मग त्यानं ‘सामाईक’ नावाचा प्रकल्प काढला. त्याच्या कंपनीत म्हणे जो तो आपली वेबसाइट पहिल्यापासून बनवतो. तीच बटणं, त्याच पट्ट्या, त्याच चौकटी. त्या एकदाच नीट बनवून एका जागी ठेवायच्या आणि ज्याला लागतील त्यानं उचलायच्या.

"उचलल्यावर तिथल्या संपत नाहीत?"

"नही ना! तठेबी ऱ्हातस, अठेबी येतस."

इथे माझं डोकं बंद पडलं. ते बघून त्यानं गल्लीच्या भांड्यांचा दाखला दिला. लग्नाकार्याची मोठी पातेली, पराती, झारे आमच्या गल्लीच्या मालकीचे आहेत आणि मंदिरामागच्या खोलीत असतात. "दर लगनले नवं पातेलं लेतस का गुरुजी? गल्लीनं लई जातस. तसंच शे."

हे मला पटकन समजलं. पंचाईत अशी की हिरामणलाही ते फारच समजलं होतं. प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर त्यानं गल्लीचा नियम लिहून टाकला: ‘घेऊन जा. काम झालं की घासून परत आणून ठेवा.’ पुण्याहून फोनवर फोन. घासायचं म्हणजे काय करायचं? एका मुलीनं तर बटण खरंच परत पाठवलं, वर ‘स्वच्छ केलं आहे, धन्यवाद’ असं लिहून. हिरामण हरखला. "देखा गुरुजी, संस्कारी पोर शे."

नावांचा घोळ त्याहून मोठा. सगळी नावं आमच्या गल्लीतल्या माणसांची. पान उघडेपर्यंत जे चक्र फिरत राहतं, त्याचं नाव भिकाआप्पा, कारण आप्पा ‘येस, येस’, म्हणजे येतो येतो, म्हणत घरातून निघायला अर्धा तास लावतात. दाबलं की लांबलचक यादी सोडणारी चौकट म्हणजे सुमनमावशी. मावशीला एक विचारा, दहा गोष्टी बाहेर पडतात.

शेवटी कंपनीतल्या वरिष्ठ बाईंनी बजावलं, सगळ्यांना कळतील अशी इंग्रजी नावं द्या. शुक्रवारच्या बैठकीत पटलं तर कंपनीभर हेच सामान चालेल, नाही तर प्रकल्प बंद. दीड वर्षाची मेहनत होती. मला वाटलं, आता हा हट्टाला पेटणार. पण गुरुवारी गेलो तर हा निमूटपणे नावं बदलत बसलेला. भिकाआप्पा गेले, मावशी गेली.

"तुम्हनंबी गयं, गुरुजी."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं वाईट, तेही चांगलंच वाईट.

शुक्रवारी दुपारी त्यानं हाक मारली. सगळ्यांना प्रकल्प पसंत होता. फक्त एक नाव बदलायचं राहून गेलं होतं, ते बदललं की संध्याकाळपासून सगळीकडे वापरणार होते. मी विचारलं कुठलं, तर त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातली फुली दाबली. मधोमध छोटी चौकट आली: ‘निघालात? काही राहिलं का?’ काम अर्धवट टाकून कोणी पान बंद करायला गेलं की ही चौकट येते, म्हणाला. तिचं नाव होतं ‘माय’.

त्याची आई मला चांगली आठवते. हा पुण्याला निघाला की ती एसटीच्या थांब्यापर्यंत जायची आणि गाडी सुटेपर्यंत विचारत राहायची, "काही ऱ्हायनं का रे?" हा वैतागायचा. "काही नही ऱ्हायनं, तू घर जाय." असाच एकदा वैतागून गेला, आणि पुढच्या खेपेला तिला स्मशानात पोचवायलाच आला. त्यानंतर तो पुण्याला गेलाच नाही.

"एवढं एक राहू दे म्हणावं बाईंना," मी म्हणालो. "एका नावानं काय बिघडतं?"

"मंग हाई चौकट कोणी लेवाव नही, गुरुजी. नाव समजनं नही ते कोण उचली?"

त्यानं ती दोन अक्षरं पुसली आणि तिथे एक इंग्रजी शब्द टाकला. या वेळी टाळीसाठी हात पुढे आला नाही. त्यानं फुली दाबून ती चौकट पुन्हा एकदा आणून बघितली.

"नाव गयं ते जाऊ द्या," तो म्हणाला. "आते ती सगळासले इचारी, काही ऱ्हायनं का."