चेपलेल्या डब्यांचे पिंगळेकाका

पितृपक्ष लागला की आमच्या नाशिकच्या कॉलनीत कुणी साधा स्टीलचा चमचाही विकत घेत नाही. पिंगळेकाका मात्र नेमके त्याच पंधरवड्यात इस्त्रीचा शर्ट घालून, कापडी पिशवी काखोटीला मारून मेनरोडला खेळणी घ्यायला निघत. खेळणी म्हणजे तरी काय, तर एकात एक बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे डबे. बाहुली नाही, बॅट नाही, चावीची मोटार नाही. काका त्यांना 'विटा' म्हणत. एकटा राहणारा, कारखान्यातून निवृत्त झालेला, घरात औषधालाही लहान मूल नसलेला माणूस ऐन पितृपक्षात विटांचे डबे आणतो म्हटल्यावर कॉलनीत चर्चा व्हायचीच. कुणी म्हणे साइड बिझनेस आहे, कुणी म्हणे म्हातारचळ.

"काका, पितृपक्षात कशी हो खरेदी करता?" मी एकदा जिन्यात विचारलं. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे असले प्रश्न विचारायचा मला हक्कच आहे.

"अगं, या दिवसांत दुकानदार माश्या मारीत बसलेला असतो. गिऱ्हाईक दिसलं तरी त्याला भरून येतं. अशा वेळी भाव पाडायचा नाय तर कधी?"

"पण पितरांना काय वाटेल?"

"माझे पितर भाजीवाले होते. त्यांना बरंच वाटंल."

ते खरंच होतं. काकांचं घराणं मखमलाबादचं, मळेवाल्यांचं. लहानपणी वडिलांच्या शेजारी मेथीच्या जुड्या मांडून ते बाजारात बसलेले. पुढे सातपूरला नोकरी लागली, गणवेश चढला, पण बाजार काही अंगातून गेला नाही. विकणाऱ्याचा धीर कधी सुटणार, हे विकणाऱ्याच्याही आधी त्यांना कळे. सगळी गणितं ते मेथीत मांडत. दुकानात गेले की मागच्या फळीवरचा एखादा डबा ओढून काढायचे, त्यावरून बोट फिरवायचे, बोटाची धूळ दुकानदाराला दाखवायचे आणि दुःखी आवाजात म्हणायचे, "सुकली बरं का ही मेथी. पाणी मारून आता किती दिवस ठेवशील?"

त्यांची दुसरी खोड म्हणजे चेपलेला डबा. कोपरा दबलेला, झाकण फाटलेलं, उन्हाने एका बाजूचा रंग उडालेला, असाच डबा त्यांना लागे. "मार डब्याला लागलाय, विटेला नाय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. इथवर ठीक होतं. पण एकदा माझ्या देखत दुकानदाराने वैतागून चांगला डबा त्याच भावात पुढे केला, तर काकांनी तो परत सारला. वर सवलतीचं लेबल मागून घेतलं. "ठळक लाव. जुनी किंमत लाल पेनने खोड, पण दिसंल अशी खोड." असला चोखंदळ कंजूष मी तोवर पाहिला नव्हता.

कॉलेज रोडला काचेचं मोठं, थंडगार दुकान उघडलं तेव्हा मी त्यांना माझ्या स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेले. माझा हेतू शुद्ध नव्हता, मला गंमत बघायची होती. टायवाला मॅनेजर "मे आय हेल्प यू सर" म्हणत आला. काकांनी खिशातून घडीचा मोठा रुमाल काढला, स्वतःच्या हातावर पसरला आणि त्याच्याखालून मॅनेजरचा हात धरला. पूर्वी बाजारात असे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत, शेजारच्या गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. टायवाल्याला हे कुठून ठाऊक असणार? काकांनी त्याची तीन बोटं दाबली, मग थांबून आणखी अर्धं. त्याला वाटलं, काका नाडी बघताहेत.

"सर, माझी तब्येत ठीक आहे," तो घाबरून म्हणाला.

"तब्येतीचं नाय रे. एवढ्यात देतो का बोल."

मी खेळण्यातल्या हत्तीच्या मागे तोंड लपवून हसत होते. शेवटी त्या पोराने आपला हात सोडवून घेण्यापुरती दहा टक्के सूट दिली आणि वर एक फुगा दिला. फुगा काकांनी मला दिला.

परत येताना उसाच्या रसासाठी थांबलो. फुगा माझ्या मनगटाला बांधलेला. मी म्हटलं, "काका, एवढा जीव काढता त्या पोरांचा, ते डबे जातात कुठे?"

काकांनी ग्लासातला बर्फ हलवला. "जळगावला," ते म्हणाले, आणि मग हळूहळू सगळंच बोलले.

काकू तर आधीच गेल्या होत्या. एकुलता एक मुलगा नीलेश काविळीने गेला, तेव्हा त्याची मुलगी मनू जेमतेम चालायला लागली होती आणि सून वैशाली अगदी तरणी. काकांनी स्वतः फिरून तिच्यासाठी स्थळ शोधलं. जळगावचे सुनीलराव, भला माणूस. काकांनी स्वतःच्या हाताने सुनेचं कन्यादान केलं. भावकीने त्यांच्याशी बोलणं टाकलं, त्याचं काकांना काही वाटलं नाही.

"मग तुम्ही जात नाही जळगावला?"

"लेकीच्या घरी बाप जातो. सुनेच्या नव्या घरी कोणत्या नात्यानं जायचं?"

मनूच्या पुढच्याच वाढदिवसाला त्यांनी लहानशी सायकल पाठवली होती, गुलाबी, घंटी असलेली. ती परत आली. फार गोड शब्दांत परत आली. 'एवढं महागाचं कशाला? आम्ही आहोत ना.'

"चुकले नाय ते," काका म्हणाले. "मोठी वस्तू दारात आली की तिच्यामागून हक्क सांगणारा माणूस येतो की काय, असं वाटतं. नवीन घर हाय. त्यांना मोकळं राहू द्यावं."

मग पुढच्या वर्षी पितृपक्षात त्यांना हा विटांचा डबा दिसला. चेपलेला, अर्ध्या किमतीचा. लेबलासकट त्यांनी तो एसटीच्या पार्सलने पाठवला. वैशाली त्यांना नाना म्हणे. तिचा फोन आला, "नाना, ठेवून घेतला बरं का. पोरगी दिवसभर त्यातच असते." तेव्हापासून दरवर्षी नवरात्रातल्या वाढदिवसाला एक डबा. "सवलतीची वस्तू कुणाला जड होत नाय बघ," काका म्हणाले आणि रस संपवला. मला माझ्या मनगटाला बांधलेल्या फुग्याची एकाएकी लाज वाटली.

त्यानंतरच्या दिवाळीची गोष्ट. धनत्रयोदशीच्या सकाळी काका माझ्या दारात उभे. दाढी अर्धवट, एका गालाला साबण तसाच.

"वैशालीचा फोन होता. वणीला देवीला आलेत. उद्या इकडं येतो म्हणली. मनू, ती, आणि सुनीलराव बी."

मी नाशिकचीच असल्याने मला एवढं कळलं, की वणीहून जळगावला जाताना नाशिक वाटेत लागत नाही. चांगली उलटी वाट करून यावं लागतं. म्हणजे सुनीलराव मुद्दाम येत होते. एवढ्या वर्षांत दार पहिल्यांदा किलकिलं झालं होतं, आणि आपल्या हातून काही भलतं होऊन ते पुन्हा लागू नये, एवढीच काकांना धास्ती होती. यंदाचा डबा तर वाढदिवसाला जाऊन बसलेला. घरात देण्यासारखं काही नव्हतं.

कॉलेज रोडच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ऐन दिवाळीत कसली सूट आणि कसला चेपलेला डबा? सगळा माल कोरा करकरीत. काकांनी मेथी काढली नाही, रुमाल काढला नाही. पूल आणि घरं बांधता येतील असा सगळ्यात मोठा डबा उचलला, काउंटरवर ठेवला आणि छापील किंमत मोजली. मी डोळे चोळून बघत राहिले.

"आता एक काम कर बाई," ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. "याच्यावर पन्नास टक्क्यांचं लेबल लाव."

"काका, यावर सूट नाहीये."

"मला सूट नको. नुसतं लेबल पाहिजे."

"पण तुम्ही तर पूर्ण पैसे दिलेत."

"दिले ना. मग आता तुझं काय जातंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने खणातून जुनं लेबल शोधून चिकटवलं आणि लाल पेनने किंमत खोडली, दिसेल अशी.

बाहेर पायरीवर काका डबा मांडीवर घेऊन बसले. अंगठा कोपऱ्यावर ठेवला. हात मागे घेतला. पुन्हा ठेवला. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालातलं वैगुण्य शोधणाऱ्या माणसाला चांगला माल बिघडवणं जमत नव्हतं. शेवटी तोंड फिरवून त्यांनी कोपरा दाबला. मी हसू आवरत स्कूटी काढली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला मुद्दाम बोलावून ठेवलं, घरात बाईमाणूस असलं की वैशालीला बरं वाटेल म्हणून. मंडळी आली. वैशाली पाया पडली आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात माझ्या मदतीला आली. सुनीलराव खुर्चीच्या कडेवर बसले. आल्यापासून त्यांनी काकांना कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. काय म्हणावं हे त्या बिचाऱ्यांनाही कळत नसावं.

काकांनी डबा पुढे केला. "सेलमध्ये पडला होता. डबा बी चेपलाय. म्हणलं, घेऊन टाकू."

सुनीलरावांनी लेबल पाहिलं, कोपरा पाहिला. "हाच डबा मी परवा जळगावात विचारला. दिवाळीत एक रुपया सोडायला तयार नव्हते."

काका खिडकीकडे बघायला लागले. "इथं ओळख हाय आपली," ते पुटपुटले. मी फराळाच्या ताटल्या घेऊन दारातच थांबले.

तेवढ्यात मनूने डबा ओढून फरशीवर ओतला. "आजोबा, या ना. आपण पूल करू."

"मला नाय येत गं."

"एवढे डबे पाठवता, आणि येत नाही?"

काकांनी आजवर एकही डबा उघडून पाहिला नव्हता. आत विटा कशा दिसतात हेही त्यांना झाकणावरच्या चित्रावरूनच माहीत. गुडघ्यावर हात टेकत ते खाली बसले. पहिली वीट त्यांनी उलटी लावली. मनूने ती काढून सुलटी करून त्यांच्या हातात दिली, बाजारात नवख्याला शिकवावं तशी, न रागावता.

सुनीलराव रिकामा डबा हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग खुर्चीत मागे रेलून बसले.

"नाना," ते म्हणाले, "पुढच्या वाढदिवसाला डबा तुम्हीच घेऊन या. पार्सलने फार चेपतात."

काकांनी मान वर केली नाही. "येतो," एवढंच म्हणाले, आणि हातातली वीट मनूने बोट ठेवलं होतं तिथे नीट दाबून बसवली.