काजव्यांच्या पाटीवरची रेघ

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून डोकं पिकवलंत. सांगतो. मधे कुणी बोललं तर उठून जाईन.

एका जंगलात वाघाची गुहा होती. आत दिवसाढवळ्या काळोख. म्हणून वाघाचे हुकूम काजव्यांच्या पाटीवर उमटायचे. भिंतीवर काजव्यांच्या ओळी, एकीखाली एक. साळू नावाची साळिंदर सांगेल तो काजवा पेटायचा. त्यातून अक्षरं व्हायची.

काजवे दमायचे. म्हणून पाळी लावली. आधी एक सोडून एक ओळ पेटायची, मग मधल्या ओळी. हे इतकं झरझर, की बघणाऱ्याला सगळी पाटी पेटलेली वाटायची.

पण अक्षरांच्या डोक्यावरची रेघ बारीक. एकाच ओळीची; तिच्या वर-खाली पेटायला कुणी नाही. पाळी आली की हजर, गेली की गायब. नुसती लुकलुक.

"आमच्या धाकानं अक्षरं थरथरतात," वाघ खूश झाला. पुढं त्याचं कपाळ ठणकायला लागलं. मग म्हणाला, "साळू, उद्या रेघ हलली तर जंगल सोडायचं."

साळूच्या बिळात अंगावर पिणारी पिल्लं. जाणार कुठं?

प्रधान होता तरस. तो म्हणाला, "महाराजांनी रेघेच्या तालावर मान हलवावी. दोन्ही हललं की स्थिर दिसेल." दरबारानं मान हलवून पाहिली. अस्वलाला ओकारी झाली.

माकड म्हणालं, "रेघच काढा ना." काढली. वाघ गुरगुरला, "माझा हुकूम बोडका? टोपी घाला त्याला."

शेवटी साळूनं रेघेच्या वरच्या-खालच्या काजव्यांना सांगितलं, "तुमची पाळी आली की तुम्ही अर्धे पेटा."

"मावशी, रेघ पुसट होईल की."

"होऊ दे. पोरं घेऊन कुठल्या झाडावर चढू मी?"

रेघ विझली की शेजारी मिणमिणायचे. थरथर थांबली. अक्षरं मात्र ओल्या कागदावर शाई फुटावी तशी फुगली.

वाघानं डोळे बारीक केले. "काय लिहिलंय?"

"आपलाच हुकूम, महाराज."

"मग झालं. कपाळ दुखत नाही आता."

साळू बिळात राहिली. कल्पना आपली म्हणून तरसानं शाल घेतली.

तात्पर्य: शाळेत सांगतात, स्वच्छ लिहा, स्पष्ट बोला. सांगू देत. बारीक, स्वच्छ रेघ मालकाच्या डोळ्यात खुपते. पुसट राहा, बीळ टिकतं. मी स्पष्ट बोललो, तर भर पंगतीतून मला उठवलं, आणि त्या माणसानं माफी अजून मागितलेली नाही. त्याचं नाव लिहून घ्या. दगडू खरमाटे.